माळ्यावरचे घंगाळ आणि घडणावळीचा हिशेब

जुन्या व्यापारी घरांच्या माळ्यावर आजही तांब्यापितळेची भांडी पडून असतात. पाणी तापवण्याचा बंब, कड्यांचे घंगाळ, हंडे, कळशा. गिझर आणि स्टेनलेस स्टील आल्यावर त्यांचे काम संपले. पुढे घर बदलताना किंवा वाटण्या होताना ती मोडीत निघतात. मोडीत मोल ठरते ते वजनावर. सोनेतारण कर्ज देताना बँकही वजन आणि शुद्धताच पाहते, घडणावळ धरत नाही. ते योग्यच, कारण बँकेला दागिना मिरवायचा नसतो. घरधन्याने मात्र तोच नियम आपल्या घंगाळाला लावावा, हे हिशेबाला धरून नाही.

ही घडणावळ म्हणजे काय, ते पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत समजते. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेल्या कारागिरांची ही वस्ती. तांब्याचा पत्रा तापवला की मऊ होतो, ठोकला की पुन्हा कडक होतो. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाला एक लागून घाव घालत जाणे, हे मठारकाम. त्याने येणारी चकाकी सर्वांना दिसते. पत्र्याला बळकटीही त्याच घावांनी येते, हे सहसा ध्यानात येत नाही. भांडे वितळवले तर तांबे परत मिळते, ते घाव मिळत नाहीत.

म्हणून अशा भांड्याचा दिवा करून घेणे मला अधिक व्यवहारी वाटते. घंगाळाच्या बुडाला मधोमध एक छिद्र पाडून ते उपडे टांगावे. पोचे तांबट काढून देतो. आतल्या कल्हईचा निर्णय आधी करावा: ती ठेवली तर उजेड पांढरा पडतो, काढली तर तांब्याचा सोनेरी. भांडे तापवून ठोकायचे असल्यास मात्र कल्हई काढावीच लागते. उताणे भांडे टांगू नये. त्यात किडे पडून मरतात. 2700 ते 3000 केल्विनचा पिवळसर एलईडी घेतला तर निळसर पांढऱ्या उजेडापेक्षा किडे कमी येतात. (चौविहार पाळणाऱ्या घरात जेवणाच्या टेबलावरचा दिवा तसाही कमीच लागतो, तो वाचनाच्या खुर्चीजवळ टांगणे बरे.)

बंबाला तर छिद्रही नको. निखाऱ्यांसाठी मधून गेलेली नळी वायरीला आयतीच मिळते. वर कापडी छत्र बसवले की उभा दिवा तयार. तोटी असू द्यावी.

जुना 60 वॅटचा बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला 9 युनिट वीज घेई; साधारण तेवढाच उजेड देणारा 9 वॅटचा एलईडी दीड युनिटही घेत नाही. तो तापतोही कमी. पण भांडे धातूचे आहे, तेव्हा तीन तारांची वायर आणि अर्थिंग यांत काटकसर नको. छिद्राच्या कडेने वायर कापू नये म्हणून तेथे रबरी कडे बसवून घ्यावे.

मजुरी आधी ठरवावी, भांडे देताना वजन लिहून ठेवावे. लग्नात आलेल्या भांड्यांवर बहुधा देणाऱ्याचे नाव आणि तिथी कोरलेली असते. ती जागा कारागिराला दाखवून द्यावी आणि तेवढ्या भागावर हातोडी चालवू नये, असे बजावून सांगावे.