जाणारे आणि राहणारे

टॉल्किनचा विषय निघाला की दहा मिनिटांच्या आत कुणीतरी म्हणतंच, ‘म्हणजे आपले गंधर्वच की हो!’ मग गाडी सुटते. एल्फ म्हणजे गंधर्व, वालार म्हणजे देव, मँडॉस म्हणजे यम आणि लूथिएन तर उघडउघड सावित्री. ही कोष्टकं मांडत एक विद्वान गृहस्थ गेली कित्येक वर्षं व्याख्यानमाला गाजवत आहेत. त्यांचं नाव मी घेत नाही. ते काम ते स्वतः पुरेसं करतात.

सावित्रीचं साम्य मला मान्य आहे. नवऱ्यासाठी मृत्यूच्या दारात जाऊन उभी राहिलेली आणि त्या दाराच्या धन्यालाही नमवणारी बाई दोन्हीकडे आहे. पण सावित्री सत्यवानाला परत आणते आणि दोघं सुखाने नांदतात. लूथिएन ही एल्फ; मर्त्य नवऱ्याला, बेरेनला, ती परत आणते ती स्वतःचं न मरणं मोजून. ती मर्त्य होते, पुढे खरोखर मरते आणि तिच्या आईला, मेलिअनला, ती पुन्हा कधी भेटत नाही. मेलिअन जातीने मायार, म्हणजे धाकटी देवता, काळाच्या आधीची. तिच्याकडे अख्खं जग आहे, फक्त लेक नाही. कोष्टकवाल्यांना हे दिसत नाही, कारण त्यांच्या रकान्यात ते बसत नाही.

मूळ फरक असा आहे. आपल्या कथांमध्ये अमरत्व ही मिळवायची चीज आहे. समुद्र घुसळून मिळवा, राहूसारखं पंगतीत घुसून मिळवा, नाहीतर तप करून ब्रह्मदेवाकडे मागा आणि वरातली फट राहून फसा. टॉल्किनकडे ते कुणाकडून कुणाला देताच येत नाही. वालारांच्याही हाती ते नाही; लूथिएनचा प्रश्न आला तेव्हा त्यांच्या राजाला, मान्वेला, थेट जगाच्या निर्मात्यालाच, इलूवातारलाच, विचारावं लागलं. आणि दुसरं त्याहून मोठं. आपल्याकडे जन्ममरणाची येरझार माणसाच्या नशिबी. त्याची सारी धडपड त्यातून सुटण्याची. तिथे येरझार आहे ती एल्फच्या नशिबी. तो मेला तर मँडॉसच्या दालनात थांबतो, देह घेऊन परत येतो, पण जगाबाहेर जाऊ शकत नाही. सुटतो तो माणूस. तो एकदाच येतो, एकदाच जातो, आणि कुठे जातो ते एल्फांना ठाऊक नसतं. तेव्हा जुळवाजुळव करायचीच असेल तर कोष्टक आधी उलटं धरा.

माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी मिळेल तिथे मांडत आलो आहे: टॉल्किनच्या पुराणात मर्त्य आणि अमर यांच्यातला फरक आयुष्याच्या लांबीचा नाही. एक घरचा आहे, दुसरा पाहुणा आहे. घरच्याला घर सोडता येत नाही. पाहुण्याला राहता येत नाही. दोघंही एकमेकांकडे पाहून हळहळतात.

आयनूरांचा, म्हणजे वालार आणि मायार यांचा, भाग मी भरभर उरकतो. ते जगाच्या आधीचे, निर्मितीच्या संगीतातले. त्यांतले काही जगात उतरले ते जग संपेपर्यंत इथेच राहायच्या अटीवर. देह त्यांना अंगरख्यासारखा, हवा तर घालावा. सात वालार, सात त्यांच्या राण्या, कोण कुणाचा भाऊ, कोणाकडे वारा आणि कोणाकडे पाणी, हे ज्यांना वंशावळी आवडतात त्यांनी ‘सिल्मरिलियन’मध्ये सावकाश पाहावं. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. जो जितका जगावर मालकी गाजवायला गेला, तितका तो देहात रुतला. त्यांतला बंडखोर मेल्कोर आपल्या काळ्या रूपात कायमचा अडकला. माणसांचं बेट न्यूमेनोर बुडाल्यावर सॉरॉनला देखणं रूप पुन्हा घेता आलं नाही. उलट गँडाल्फ म्हाताऱ्याचा देह, भूक, थकवा आणि मरणाची शक्यता मुद्दाम स्वीकारून आला, आणि मोरियात मेल्यावर त्याला परत पाठवण्यात आलं. त्याच्यासारखाच आलेला, पण सत्तेमागे लागलेला सारुमान मेला तेव्हा त्याचा आत्मा धुरासारखा उठला, पश्चिमेकडे वळला आणि वाऱ्याने उधळून लावला.

एल्फांकडे मात्र थांबायला हवं. ‘एल्फ अमर असतात’ हे वाक्य परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ठीक आहे. त्यांना म्हातारपण येत नाही, रोग होत नाही. पण तलवारीने ते मरतात आणि दुःखानेही मरतात. शिवाय त्यांचा आत्मा हळूहळू देहाला आतून जाळत जातो. पुरेशी युगं उलटली की फक्त आठवणीसारखं काहीतरी उरतं. मेलेल्या एल्फने परत यायचं कसं, यावर टॉल्किन आयुष्यभर झगडला. आधी त्याने ठरवलं की ते आपल्याच वंशात मूल होऊन जन्मतात. मग ते त्याला पटेना आणि त्याने ती कल्पना टाकून दिली: पूर्वीसारखाच देह पुन्हा मिळतो, असं ठरवलं. गोंडोलिनच्या पाडावात मेलेला ग्लोरफिंडेल आणि युगांनंतर रिव्हेंडेलमध्ये भेटणारा ग्लोरफिंडेल एकच का, हे नक्की करायला तो अखेरच्या वर्षांतसुद्धा टिपणं लिहीत होता. 1973 साली तो गेला तेव्हा कागदांचे ढीग तसेच होते.

या ढिगातलं मीरिएल या एल्फ राणीचं प्रकरण पाहा. मुलाला, फेअनोरला, जन्म देताना तिचं सारं त्राण त्याच्यात गेलं आणि तिला जगण्याचाच वीट आला. कुणी मारलं नाही, आजार नाही. ती लोरिएनच्या बागेत निजली आणि आत्मा निघून गेला. जिथे कुणी मरत नाही त्या देशात, वालिनोरमध्ये, पहिलं मरण. देह कोमेजत नाही, दासी त्याची निगा राखतात, आणि नवरा, फिन्वे, एकटा. त्याला दुसरं लग्न करायचंय. आता पेच बघा: एल्फ एकदाच लग्न करतात, आणि पहिली बायको कधीही परत येऊ शकते! मर्त्यांमध्ये हा प्रश्न मरणच सोडवून टाकतं. इथे वालारांना सभा भरवावी लागली, पक्ष-प्रतिपक्ष झाले, आणि निकाल लागला की मीरिएलने कधीही न परतण्याचं ठरवलं तरच फिन्वेला मोकळीक. तिने ठरवलं. पुढे फिन्वे मेल्कोरच्या हातून मेला, त्याने आपलं परतणं सोडून दिलं, तेव्हा कुठे मीरिएल देहात आली आणि विणकर देवी वाइरेच्या घरी आपल्या कुळाचा इतिहास विणत बसली. एका नवऱ्याच्या दोन बायका एकाच वेळी जिवंत नकोत, एवढ्यासाठी ही सारी यातायात. अमरपणाचा हा कोर्टकज्जा मला कुठल्याही युद्धापेक्षा जास्त खरा वाटतो.

माणसांकडे वळलं की न्यूमेनोर येतंच. त्याबद्दल पुष्कळ लिहून झालंय, मी थोडक्यात सांगतो. तिथल्या माणसांना दीर्घायुष्य दिलं, मरण काढून घेतलं नाही. सुरुवातीचे राजे वेळ आली की आपल्या इच्छेने प्राण ठेवत. भीष्म आठवतो, पण शापवराशिवायचा. मग राजा तार-अतानामीरपासून कुणी हौसेने जाईना. मरणाचा धाक वाढला तशी आयुष्यं आखूड होत गेली, थडगी घरांपेक्षा थोर झाली, प्रेतं जतन करण्याचे उपाय निघाले. शेवटी राजा अर-फाराझोन आरमार घेऊन वालिनोरमधून अमरत्व लुटायला निघाला. त्याला वाटलं ते त्या भूमीत आहे. भूमीत काहीच नव्हतं.

सिनेमावाल्यांशी माझं भांडण नेमकं इथेच आहे. 2003 सालच्या तिसऱ्या चित्रपटात मिनास तिरिथच्या वेढ्यात घाबरलेल्या पिपिनला गँडाल्फ सांगतो की मरण म्हणजे पांढरे किनारे आणि त्यापलीकडचा हिरवा प्रदेश. प्रेक्षक डोळे पुसतात. मूळ पुस्तकात ते वर्णन फ्रोडोला जहाजातून दिसलेल्या देशाचं आहे, मरणाचं अजिबात नाही. मेलेला माणूस तिकडे जातच नाही. तिकडे जातात ते एल्फ, आणि तेही जगाच्या आतच राहतात. म्हणजे न्यूमेनोर ज्या चुकीपायी बुडालं, तीच चूक गँडाल्फच्या तोंडी घातली! आणि फ्रोडो पश्चिमेला गेला म्हणून अमर झाला असं समजणाऱ्यांनी टॉल्किनची पत्रं वाचावीत. तो बरा व्हायला गेला. पुढे तोही मरणारच.

अंगठीचंही तसंच. ती मर्त्याला आयुष्य देत नाही, होतं तेच ताणत नेते. अंगठ्यांपायी नुसत्या छाया होऊन उरलेले नाझगुल हे त्याचं टोक. इथे मात्र आपल्याकडची एक जोड मला खरी वाटते: अश्वत्थामा. न मरणं ही शिक्षा कशी होते, हे त्या गोष्टीला कळलं आहे. तो कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो असं आमच्या आज्या सांगत, आणि सातपुड्यात अस्तंब्याच्या शिखरावर त्याची यात्रा भरते तीही ऐन दिवाळीत. कोष्टकवाल्यांनी गंधर्व सोडून हा धागा धरला असता तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

आता माझ्या लाडक्या विषयाकडे. 1977 साली ख्रिस्तोफर टॉल्किनने वडिलांचं ‘सिल्मरिलियन’ संपादून छापलं. फाउंटनच्या फुटपाथवर मला मिळालेल्या प्रतीत नकाशा कुणीतरी फाडून नेला होता, त्यामुळे पहिल्या वाचनात बेलेरियांडच्या नद्या मी मनानेच वाहवल्या. पुस्तकावर लेख लिहून एका संपादकांकडे नेला, तर ते म्हणाले, परीकथा आहे, मुलांच्या अंकाला द्या. पण ज्याने मला खरं वेड लावलं ते त्या पुस्तकात नव्हतंच. ते छापलं गेलं 1993 साली, मध्य-पृथ्वीच्या इतिहासाच्या दहाव्या खंडात, ‘मॉर्गोथ्स रिंग’मध्ये: फिनरॉड आणि अँड्रेथ यांचा संवाद.

लढाई नाही, अंगठी नाही. एक एल्फ राजा आणि माणसांतल्या बेओरच्या घराण्यातली अठ्ठेचाळीस वर्षांची शहाणी बाई बोलत बसली आहेत. तो तिच्या कित्येक पिढ्यांचा स्नेही, आणि त्याच्यावर वयाची रेघ नाही. तिचे केस पिकू लागलेले. तो सांत्वनाच्या सुरात म्हणतो की मरण ही तुम्हाला मिळालेली देणगी आहे. ती उसळते. तिचं म्हणणं, आम्ही मरायला घडवलेलेच नव्हतो. हे आमच्यावर लादलं गेलं. फिनरॉड हादरतो, कारण हे खरं असेल तर मेल्कोरच्या आवाक्यातलं हे काम नव्हे. मग तुम्ही असं काय केलं होतं, असं तो विचारतो. त्यावर ती गप्प होते. ती गोष्ट तिची माणसं परक्यांना सांगत नाहीत.

आणि मग तो स्वतःची भीती बोलून दाखवतो, जी एल्फ सहसा बोलत नाहीत. तुमचा शेवट लवकर येतो, पण त्यापलीकडे काही असू शकतं. आमचा उशिरा येईल, पण जगाबरोबर येईल, आणि त्यापलीकडे आम्हाला कुणी काही सांगितलेलं नाही. ज्याला आपण अमर म्हणतो तोच सांगतो की मी खरं तर पूर्ण संपणारा आहे! त्यातून तो पुढे विचार करतो की जखमी जगाला बरं करायलाच कदाचित माणूस पाठवला असेल, आणि एल्फांची सुटका झाली तर तीही त्याच्यामुळेच. पाहुणा घर सावरेल, अशी ही आशा.

इतकं तत्त्वज्ञान झाल्यावर टॉल्किन एकदम पडदा बाजूला करतो. अँड्रेथचं तरुणपणी फिनरॉडच्या भावावर, ऐग्नोरवर, प्रेम होतं. त्याचंही होतं. तो निघून गेला. ती इतका वेळ मरणावर भांडत होती ते कशासाठी, हे तेव्हा कळतं. फिनरॉड सांगतो की युद्धाच्या काळात आमच्यात लग्नं होत नाहीत, आणि त्याला तुझी ती आयलूइन तळ्याकाठची मूर्ती तशीच मनात ठेवायची आहे. तो आता कधीही दुसरी कुणी करणार नाही. तिला हे पुरत नाही. कसं पुरावं? त्याच्या आठवणीतली मुलगी तरुणच राहणार, आणि म्हातारी होणार ती ही. शेवटी फिनरॉड उत्तरेला निघतो तेव्हा ती एवढंच विचारते की तो तिथे भेटेल का, आणि निरोप देते की उगाच जिवावर उदार होऊ नकोस म्हणावं. ऐग्नोर पुढच्या मोठ्या लढाईत पडला. फिनरॉड त्यानंतर सॉरॉनच्या तळघरात बेरेन नावाच्या एका मर्त्य माणसासाठी लांडग्याशी झुंजून मेला.

टॉल्किनने यावर स्वतःच भाष्य आणि टिपा लिहिल्या, आणि आपण ख्रिस्ती धर्मकथेच्या फार जवळ जातोय अशी शंकाही नोंदवली. काही समीक्षक तेवढंच उचलतात आणि हा संवाद कॅथलिक प्रवचन म्हणून निकालात काढतात. बारा वर्षांचा असताना आई गेलेला, 1916 साली सोमच्या रणांगणावर गेलेला आणि त्या युद्धात जिवलग मित्र गमावलेला माणूस प्रवचन लिहायला इतकी वर्षं घालवत नाही. ऑक्सफर्डजवळच्या वुल्व्हरकोटच्या दफनभूमीत त्याच्या आणि पत्नी एडिथच्या दगडावर बेरेन आणि लूथिएन ही नावं आहेत. प्रवचनकार दगडावर असं काही कोरून घेत नाहीत.

हल्ली मला तरुण वाचक भेटतात ते बव्हंशी पडद्यावरून आलेले. 2022 सालच्या मालिकेने त्यांत भर घातली. त्यांना बाल्रॉग या अग्निराक्षसाची लांबी-रुंदी पाठ असते, कोण कुणाला हरवेल यावर ते रात्रभर वाद घालतात, आणि एल्फ म्हणजे टोकदार कानांचा तिरंदाज. अरागॉर्न आणि आर्वेनचा शेवट मूळ कादंबरीच्या परिशिष्टात आहे म्हणून बहुतेकांनी वाचलेला नसतो. दोनशे दहाव्या वर्षी तो आपल्या इच्छेने प्राण ठेवतो, आणि जिने त्याच्यासाठी मर्त्य होणं निवडलं तिला त्या घटकेला न्यूमेनोरच्या माणसांची भीती पहिल्यांदा कळते. ही गोष्ट मुख्य कथेत बसली नाही म्हणूनच मागे गेली, एरवी ती कथेचाच भाग, असं टॉल्किनने स्वतः लिहून ठेवलं आहे.

मोठ्या कादंबऱ्यांची मराठी भाषांतरं झाली, चांगलं झालं. आता कुणीतरी फिनरॉड-अँड्रेथचा संवाद मराठीत आणावा. एखाद्या दिवाळी अंकात सहज मावेल एवढाच तो आहे. हक्कांची परवानगी काढायला संपादकांनी वेळेत, निदान आषाढात, पत्र पाठवावं. तोवर वाचकांनी ‘मॉर्गोथ्स रिंग’ मिळवून मूळ संवाद एका बैठकीत वाचावा, आणि टिपा नंतर उघडाव्यात.