विहिरीच्या काठापासून विश्वस्तांच्या टेबलापर्यंत: संशोधन-अनुदानाचा अर्ज

धर्मादाय न्यासाकडून संशोधनाला मिळणाऱ्या अनुदानाला हेतू, मुदत आणि हिशेब अशी तिहेरी चौकट असते. महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांची नोंदणी १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे होते. न्यासाचा पैसा त्याच्या घटनेत नोंदलेल्या उद्दिष्टांवरच खर्च करावा लागतो. प्राप्तिकरातील सूट टिकवण्यासाठी वर्षाच्या उत्पन्नाचा किमान ८५ टक्के भाग साधारणपणे याच कामी लागावा, असा नियम आहे. त्यामुळे अर्ज लिहिण्याआधी न्यासाची उद्दिष्टे आणि त्याचे मागील वार्षिक अहवाल वाचणे ही पहिली पायरी ठरते. शिक्षणासाठी स्थापन झालेला न्यास भूजलाच्या अभ्यासाला पैसा देऊ शकेल की नाही, हे तिथेच कळते.

भारतात खासगी देणग्यांतून आणि न्यासांच्या पैशातून मोठी कामे उभी राहिली आहेत. पाटलीपुत्राच्या जागेवर १९१२-१३ मध्ये सुरू झालेल्या उत्खननाला सर रतन टाटा यांनी पैसा पुरवला. होमी भाभा यांनी १२ मार्च १९४४ रोजी सर दोराबजी टाटा न्यासाचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहिले आणि त्यातून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. अणुऊर्जा वापरात येईल तेव्हा देशाला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, हा त्या पत्रातील युक्तिवाद होता. आपल्याला काय हवे याच्या जोडीला समाजाच्या हाती काय पडेल, हे सांगणारा अर्ज न्यासाच्या उद्दिष्टाला थेट भिडतो.

अर्जाची खरी परीक्षा प्रश्नाच्या मांडणीत होते. उदाहरणार्थ, शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेतले तालुके. खाली दख्खनचा काळा कातळ, वर्षाचा पाऊस सुमारे ५०० मिलिमीटर, आणि जिथे कालवा किंवा नदी पोहोचली तिथे ऊस. ‘शिरूर-दौंडचा पाणीप्रश्न’ हे शीर्षक कोणत्याही न्यासाला भावेल, पण त्यावर दोन वर्षांत कोणीही निष्कर्ष काढू शकणार नाही. ‘घोड धरणाच्या कालव्याच्या लाभक्षेत्रातील आणि त्याबाहेरील विहिरींची पातळी जानेवारी ते मे या काळात किती वेगाने उतरते’ हा प्रश्न मात्र मोजता येतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी नियमित घेते. त्या आधीच हाती असताना नव्या नोंदींची गरज का, याचे उत्तर अर्जात असलेच पाहिजे.

प्रश्न ठरला की कार्यपद्धती लिहायची, आणि इथे शिवाराची ओळख कामी येते. विहिरीची पातळी मोजणे वरवर सोपे आहे: काठावर ऑइलपेंटने खूण करायची, तिथून टेप सोडायचा, पाण्यापर्यंतचे अंतर घ्यायचे आणि कठड्याची उंची वजा करायची. अडचण मोटरीची असते. शेतीपंपांना वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. मोटर चालू असताना किंवा नुकतीच बंद झाल्यावर घेतलेली पातळी उपशाची असते, विहिरीची स्थिर पातळी नव्हे. म्हणून फेरीची वेळ विजेच्या पाळीशी जुळवावी लागते आणि शेवटचा उपसा कधी झाला हे शेतकऱ्याला विचारून वहीत लिहावे लागते. ही ओळ अर्जात असली, तर लिहिणारा विहिरीच्या काठावर उभा राहिलेला आहे हे परीक्षकाला समजते.

अंदाजपत्रक हे कार्यपद्धतीचेच आकड्यांतले रूप आहे. समजा ४० विहिरी, दरमहा एक फेरी आणि दोन वर्षांची मुदत, तर ९६० नोंदी होतात. एका दिवसात दहा विहिरी होतील असे धरले तर महिन्याला चार दिवस, दोन वर्षांत ९६ दिवस. दोघे जण असल्यास १९२ मनुष्यदिवस. मानधन, डिझेल, टेप हे सारे या आकड्यांतून निघाले पाहिजे. ‘प्रवासखर्च’ म्हणून गोल रक्कम टाकली की पहिली शंका तिथेच निघते. पावसाळ्यात काळ्या रानातल्या वाटा बंद होतात, त्यासाठी जादा दिवस धरावेत. उपकरणांसाठी दुकानदारांची कोटेशने जोडावीत.

वेळापत्रकात विश्लेषण आणि लेखनाला जागा हवी. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या त्या कामातून ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती, त्यांची घरे आणि दफने उजेडात आली. सविस्तर अहवाल मात्र उत्खनन संपल्यावर पाच वर्षांनी, १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. क्षेत्रकाम संपल्यावर संशोधनाचा मोठा भाग शिल्लक असतो, आणि त्या भागाला पैसा मागितला नाही तर नोंदी कपाटात पडून राहतात.

बहुतेक न्यास अनुदान व्यक्तीऐवजी संस्थेला देतात. म्हणून शिरूर किंवा दौंडच्या महाविद्यालयातील प्राध्यापकाचा अर्ज प्राचार्यांच्या सहीने आणि जावक क्रमांकासह जातो. सोबत संस्थेचे नोंदणीपत्र, पॅन, लेखापरीक्षित हिशेब आणि बँक तपशील लागतात. अनेक ठिकाणी आधी दोन पानांचे टिपण मागवतात. ते पसंत पडले तरच पूर्ण प्रस्ताव, मग बाहेरच्या तज्ज्ञांचे मत आणि शेवटी विश्वस्तांची बैठक. विश्वस्तांची बैठक रोज होत नसते, म्हणून उन्हाळ्यातल्या नोंदी हव्या असतील तर अर्ज आदल्या पावसाळ्यातच तयार असावा.

मंजुरीनंतर करारपत्र होते आणि पैसा हप्त्यांनी येतो. पुढचा हप्ता प्रगती अहवाल आणि चार्टर्ड अकाउंटंटच्या सहीचे उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावर मिळतो. एका शीर्षाचा पैसा दुसऱ्यावर खर्च करायचा तर आधी लेखी परवानगी घ्यावी आणि प्रत्येक पावती जपावी. उरलेली रक्कम करारातील अटींप्रमाणे परत करावी.

नकार आला तर परीक्षकांचे शेरे मागावेत. अनेकदा दोष विषयात नसतो. प्रश्न, पद्धत आणि पैसा यांचा मेळ बसलेला नसतो आणि तो दुसऱ्या अर्जात बसवता येतो. अंदाजपत्रकात एक ओळ मात्र प्रत्येक अर्जदाराने आवर्जून ठेवावी: निष्कर्ष मराठीत छापून ग्रामपंचायतींना देण्याचा आणि ग्रामसभेत समजावून सांगण्याचा खर्च. चाळीस शेतकरी दोन वर्षे आपल्या विहिरींवर येऊ देतात. त्यांच्या पाण्याचे काय झाले हे कळण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे.