उतारवयातील फ्रेंच : ऐंशी म्हणजे चार विसा!

साठीनंतर फ्रेंच शिकू पाहणाऱ्या पुणेकराची पहिली झुंज आकड्यांशी होते. फ्रान्समध्ये दूरध्वनी क्रमांक दोन-दोन अंकांच्या पाच जोड्यांत सांगतात. समोरचा ‘स्वासाँत’ म्हणताच नवशिक्या साठ लिहून मोकळा होतो आणि मागून ‘अठरा’ येतात. साठ-अठरा म्हणजे अठ्ठ्याहत्तर! ऐंशीला फ्रेंच माणूस ‘चार-वीस’ म्हणतो आणि सत्त्याण्णवला ‘चार-वीस-सतरा’.

मराठी माणसाने यावर फार हसू नये. जुनी माणसे विसांच्या हिशेबाने ‘चार विसा ऐंशी’ असेच मोजत आणि एकोणऐंशीत आपणही वजाबाकी करतो. ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ अशी मांडणी ‘बालभारती’ने दुसरीच्या गणितात आणली, तेव्हा २०१९ मध्ये केवढा गदारोळ झाला होता! बेल्जियम व स्वित्झर्लंडमधील फ्रेंच भाषकांनी मात्र सत्तर आणि नव्वदसाठी सुटसुटीत शब्द ठेवले आहेत.

दुसरी अडचण न उच्चारल्या जाणाऱ्या अक्षरांची. ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ ही वाक्ये लिहिताना वेगळी, कानाला मात्र दोन्ही ‘इल पार्ल’. येथे सत्तरी ओलांडलेले विद्यार्थी तरुणांपेक्षा कमी बिचकतील. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वी ‘घरांत’, ‘गांवांत’ असे अनुच्चारित अनुस्वार त्यांनी शाळेत गिरवलेले असतात. तू आणि तुम्ही यांतील भेदही मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. लिंगे तर तीनऐवजी दोनच. पण मराठीतील नपुंसकलिंगी घर तेथे स्त्रीलिंगी होते आणि पुस्तक पुल्लिंगी. मिशी आणि दाढी मात्र दोन्ही भाषांत स्त्रीलिंगीच!

खरी फजिती इंग्रजीच्या आधाराने होते. घरच्या लोणच्यात ‘प्रिझर्व्हेटिव्ह’ नाही, असे फ्रेंच पाहुण्याला अभिमानाने सांगताना तोच शब्द वापरला, तर पाहुणा चमकतो. फ्रेंचमध्ये ‘प्रेझेर्व्हातिफ’ म्हणजे निरोध.

इतका खटाटोप कशासाठी? अनेकांसाठी उत्तर नातवंडांत असते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९७७ च्या भाषा कायद्यामुळे स्थलांतरितांच्या मुलांना सरकारी शाळेत साधारणपणे फ्रेंच माध्यमातूनच शिकावे लागते. घरची मराठी हळूहळू मागे पडते आणि आजी-आजोबा व नातवंड यांच्यातील संभाषण ‘जेवलास का?’पाशी थांबते. ते पुढे नेण्यासाठी कोणीतरी दुसऱ्याच्या भाषेकडे चार पावले टाकावी लागतात.

वय आड येतेच. सुमारे पावणेसात लाख लोकांच्या इंग्रजी व्याकरणाच्या चाचणीवर आधारित संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. नव्या भाषेचे व्याकरण सहज आत्मसात करण्याची क्षमता साधारण सतरा वर्षांपर्यंत टिकते आणि नंतर उतरू लागते, असा त्याचा निष्कर्ष होता. मात्र प्रारंभीच्या काळात प्रौढ हे लहान मुलांपेक्षा वेगाने शिकतात, असेही अभ्यासांत दिसले आहे. मुले त्यांना गाठतात ती पुढे. मातृभाषकासारखे बोलण्याचा हट्ट सोडला, तर उरलेले पुष्कळ साध्य होते.

पुण्याला याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये शिक्षा झाली, तेव्हा ते जवळपास बावन्न वर्षांचे होते. मंडालेच्या तुरुंगात त्यांनी जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषांचा अभ्यास केला. वर्ग नव्हता, सहाध्यायी नव्हते. सोबतीला होती ती पुस्तके. टिळकांचे उद्दिष्ट ग्रंथ वाचण्याचे होते, पॅरिसमध्ये गप्पा मारण्याचे नव्हे.

आज सोयी कितीतरी अधिक आहेत. फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, तर एरंडवण्यात आलियाँस फ्राँसेज. युरोपीय चौकटीनुसार भाषेच्या ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्या मानल्या जातात. त्यांतील दुसऱ्या पायरीपर्यंत पोचलेली व्यक्ती घर, खाणे-पिणे, खरेदी अशा रोजच्या विषयांवर साधे संभाषण करू शकते. नातवाशी बोलायला तेवढे पुरते. उच्चार चुकलाच, तर दुरुस्त करायला तो आहेच, आणि आजोबांची चूक काढण्याइतका आनंद नातवंडाला दुसऱ्या कशात क्वचितच मिळतो.