विषम बळाचे दोन सायकलपटू आणि वाऱ्याचा आडोसा

सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या सायकलपटूची बहुतांश शक्ती हवेचा रोध मोडण्यात खर्च होते. रोध वेगाच्या वर्गाच्या, तर त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पुढील सायकलीच्या अगदी मागे राहणाऱ्यास या खर्चात जी सूट मिळते, तिला येथे ‘आडोसा’ म्हटले आहे.

दोघे समबळ असल्यास त्यांनी पुढे राहण्याच्या पाळ्या समान ठेवाव्यात, हे उघड आहे. बळ विषम असतानाही न्यायबुद्धीने तसेच करावेसे वाटते. गणित मात्र निराळे सांगते.

समजा, ‘अ’ हा दीर्घकाळ सरासरी ३०० वॅट व ‘ब’ हा २४० वॅट शक्ती देऊ शकतो. दोघांची शरीरयष्टी सारखी असून आडोशात ७० टक्के शक्ती पुरते. पाळ्या समान ठेवल्यास प्रत्येकास पुढच्याला लागणाऱ्या शक्तीच्या सरासरी ८५ टक्के शक्ती खर्चावी लागेल. ‘ब’च्या मर्यादेमुळे पुढच्याला सुमारे २८२ वॅटवरच थांबावे लागेल. म्हणजे ‘अ’ एकटा गेला असता, तर अधिक लवकर पोहोचला असता!

याउलट ‘अ’ ८८ सेकंद व ‘ब’ २० सेकंद, अशा पाळ्या ठेवल्यास दोघांचीही शक्ती पुरेपूर कामी येते. पुढच्याची शक्ती सुमारे ३१८ वॅट होते आणि वेग ‘अ’च्या एकट्याच्या वेगाहून सुमारे २ टक्क्यांनी वाढतो. ‘ब’ आपल्या पाळीत मर्यादेबाहेर जातो खरा; परंतु आडोशात त्यास सुमारे २२२ वॅटच लागत असल्याने ती तूट भरून निघते.

यावरून नियम निघतो तो असा : बलवानाने आपली पाळी लांबवावी, वेग वाढवू नये. वेग वाढल्यास आडोशातील सोबत्याची विश्रांतीच नाहीशी होते.

या नियमालाही मर्यादा आहे. ‘ब’ची शक्ती २१० वॅटहून, म्हणजे ‘अ’च्या ७० टक्क्यांहून, कमी असल्यास सतत आडोसा मिळूनही त्यास ‘अ’चा एकट्याचा वेग झेपणार नाही. चढावर तर वेग मंदावल्याने आडोशाचा लाभच घटतो. तेथे दुर्बलाच्या गतीनेच चालावे लागते.

बळाचा हा अंदाज कीर्तीवरून करू नये. १९६२ साली इटलीतील बाराक्की करंडकाच्या जोडी-शर्यतीत, त्याच वर्षी तूर द फ्रान्स जिंकलेला जाक आंकतील थकून गेला आणि रूडी आल्टिगला त्यास हाताने ढकलत न्यावे लागले. शर्यत त्या जोडीनेच जिंकली. जोडीत पाळ्या वाटायच्या, त्या त्या दिवशीच्या बळानुसार.