चाचणीला गाडी कुणाची न्यायची?

आर.टी.ओ.च्या कॅम्पची तारीख पेपरात आली, की तालुक्याच्या गावी दोन दिवस आधीपासून एकच विचारणा सुरू होते. 'गाडी कुणाची नेताय?' कारण सरकार चाचणी घेते, गाडी देत नाही. ज्या वर्गाचे लायसन्स हवे त्या वर्गाचे वाहन उमेदवाराने आपले आपण आणायचे. आपल्याकडे दारात ट्रॅक्टर असतो, मोटारसायकल असते, पण चारचाकी मोटार गावात मोजक्या घरांतच. मग कुणी ड्रायव्हिंग स्कूलवाल्याला गाठतो, कुणी पाहुण्याची गाडी मागतो, कुणी वडापवाल्याला दोन तासांचे भाडे ठरवतो. घाईघाईत ठरवलेल्या या गाडीपायी पुष्कळांचे पैसेही जातात आणि कामाचा दिवसही जातो.

लायसन्स हवेच कशाला, असे म्हणणारे अजून भेटतात. 'लहानपणापासनं ट्रॅक्टर चालवतोय, कुणी अडवलं न्हाई.' अडवत नाहीत हे खरे. अडचण येते ती अपघात झाल्यावर. उसाची ट्रॉली कलंडली, समोरच्याला लागले, की विमा कंपनी पहिला कागद मागते तो चालकाच्या लायसन्सचा. तो नसेल तर जखमीला दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करण्याची मागणी कंपनी न्यायाधिकरणापुढे करते, आणि ती मान्य झाली की सगळा बोजा घरावर येतो. विनालायसन्स चालवण्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर ५,००० रुपये झाला, पण भरपाईपुढे तो किरकोळच म्हणायचा. सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या हाती ट्रॅक्टर देणाऱ्याने तर आणखी जपावे. त्याच दुरुस्तीने पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड ठेवला आहे.

उलट एक गोष्ट शेतकऱ्याच्या सोयीची आहे. कायद्याने साडेसात हजार किलोपर्यंत रिकाम्या वजनाचा ट्रॅक्टर 'हलके मोटार वाहन' या वर्गातच मोडतो. मागे ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टरवाल्याचे लायसन्स निरुपयोगी होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ सालीच सांगितले. पुढे ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने, मालासकट साडेसात हजार किलोच्या आतली मालवाहू गाडीही हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे कायम केले. म्हणजे मोटारीवर एकदा चाचणी नीट दिली, की मोटार, घरचा ट्रॅक्टर आणि भाजीचा छोटा टेंपो, तिन्ही सुटतात.

ट्रॅक्टरचा हात, मोटारीचा घाट

गंमत अशी, की वीस वर्षे ट्रॅक्टर हाकलेला गडी या चाचणीत हमखास गडबडतो. त्यात त्याचा दोष नाही, यंत्राचा स्वभाव निराळा आहे. ट्रॅक्टरला हाताचा ॲक्सिलरेटर असतो, तो एकदा लावला की लावला. नांगरताना गिअर थांबून टाकायचा आणि त्याच गिअरवर तास काढायचे. मोटारीत चालता चालता गिअर बदलावे लागतात. ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनाला अंगचीच ओढ असते, क्लच सोडला तरी ते दम धरते. पेट्रोल मोटारीचा क्लच जरा घाईने सोडला, की गचका देऊन बंद. मागे घ्यायची तऱ्हा तर उलटीच. ट्रॉली डावीकडे न्यायची तर ट्रॅक्टरवाला सुकाणू आधी उजवीकडे वळवतो. तीच सवय मोटारीत आली, की गाडी भलत्याच खुंटीवर जाते.

आणि निरीक्षक नेमके हेच बघतात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत चाचणीत काय काय यायला हवे ते सविस्तर दिले आहे. आरसा लावून घेणे, पट्टा बांधणे, गचका न देता गाडी काढणे, गिअर बदलणे, चढावर थांबून मागे न घसरता पुन्हा निघणे, इशारे देणे, रिव्हर्समध्ये अरुंद जागेत गाडी घालणे. अनोळखी गाडीत बसून पहिल्याच दिवशी हे जमत नाही. एखाद्या गाडीचा क्लच वरच पकडतो, एखादीचा पार खाली गेल्यावर. एका गाडीचा रिव्हर्स पाचव्या गिअरच्या खाली, दुसरीचा पहिल्याच्या बाजूला, तिसरीला दांड्याची कडी वर ओढल्याशिवाय तो पडतच नाही. म्हणून ज्या गाडीवर शिकलात तीच गाडी चाचणीला मिळेल काय, हा स्कूलवाल्याला विचारायचा पहिला प्रश्न. 'कॅम्पला दुसरी गाडी असते, पण तीबी तसलीच' असे उत्तर आले, तर आदल्या दिवशी त्या दुसऱ्या गाडीवर अर्धा तास मागून घ्या. तेवढेही देत नसेल तर पुढचे दार बघा.

मास्तरांचा पाय

ड्रायव्हिंग स्कूलच्या मोटारीला मास्तरांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. तसा नियमच आहे, आणि शिकाऊ माणसाच्या जिवासाठी तो हवाच. पण त्या पायाची एक खोड आहे. मास्तर बोलता बोलता आपल्या बाजूचा क्लच अलगद दाबत राहतात, गाडी लोण्यासारखी चालते आणि शिकणाऱ्याला वाटते आपल्याला आली. चाचणीच्या दिवशी तो पाय नसतो. पहिल्याच सुरुवातीला गाडी तीनदा बंद पडते आणि माणूस घामाघूम होतो. यात मास्तरांचे काही बिघडत नाही, त्यांची फी आधीच पोचलेली असते. चांगल्या मास्तराची खूण अशी, की शेवटचे पाच-सहा दिवस तो पाय मागे घेऊन बसतो आणि गाडी बंद पडू देतो. 'आता पाय काढा मास्तर' असे तुम्हीही सांगू शकता. पैसे तुम्ही मोजलेत.

तासांचा हिशेबही धरा. खाजगी मोटारीसाठी शिकवणी किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवणे किमान १० तास, असा नियम आहे. रोज अर्धा तास धरला तर २१ दिवसांत साडेदहा तास होतात, नियम बसतो. पण एका गाडीत चार जण बसवून तासभराची फेरी मारली, तर प्रत्येकाच्या हाती चाक येते पंधरा मिनिटे. एकवीस दिवसांचे झाले सव्वापाच तास. बाकीचा वेळ मागच्या सीटवर गप्पा. प्रत्येक शिकाऊ उमेदवाराने रोज किती वेळ गाडी चालवली याची नोंद स्कूलने ठेवायची असते, त्याला नमुना १५ म्हणतात. तो बघायला मागा. दाखवणारा स्कूलवाला चांगला, टाळणारा कसा ते तुम्हीच ओळखा.

कागद बघितल्याशिवाय पैसे नकोत

स्कूलला परिवहन खात्याचा परवाना लागतो. तो पाच वर्षांचा असतो आणि कार्यालयात दर्शनी भागी लावलेला असला पाहिजे. त्यावरची तारीख वाचा. गाडीवर स्कूलचे नाव, पत्ता, फोन ठळक लिहिलेला हवा. गाडीचे नोंदणीपत्र, विमा, पी.यू.सी. चालू आहे का हे मोबाईलवर एम-परिवहन ॲपमध्ये नंबर टाकून पाहता येते. घरातला कॉलेजातला पोरगा दोन मिनिटांत काढून देईल. कॅम्पच्या दिवशी निरीक्षकाने गाडीचे कागद मागितले आणि विमा संपलेला निघाला, तर माघारी तुम्ही येता, गाडीवाला नाही.

वडापची किंवा ओळखीच्या माणसाची मोटार भाड्याने नेण्याचा मोह इथेच सोडावा. खाजगी नंबरची गाडी पैसे घेऊन देणे परवान्याविरुद्ध तर आहेच, शिवाय खाजगी मोटारीच्या विम्यात भाड्याचा वापर धरलेला नसतो. कॅम्पच्या गर्दीत कुणाला धक्का लागला तर काय? भावाची किंवा चुलत्याची गाडी बिनपैशाने नेली तर हरकत नाही, नियम त्याला आड येत नाही. मात्र सोबत लायसन्सधारक माणूस हवा, तोही गाडी थांबवता येईल अशा जागी बसलेला, आणि पुढे-मागे पांढऱ्यावर तांबड्या 'एल'ची पाटी हवी. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस आणि अक्षर १० सेंटिमीटर उंच, हेही नियमात आहे. खडूने काढलेला 'एल' चालत नाही.

पैशाची बोलणी तोडून करा. शिकवणीचे किती, सरकारी शुल्क किती, चाचणीच्या दिवशीच्या गाडीचे किती, नापास झालो तर पुन्हा गाडी देणार का आणि किती घेणार? चारही आकडे पावतीवर लिहून घ्या. चाचणीचे सरकारी शुल्क दर वर्गाला ३०० रुपये आहे आणि नापास झाल्यावर ते पुन्हा भरावे लागते. फेरचाचणी सात दिवसांनंतर मिळते. तीनदा नापास झालात तर साठ दिवस थांबावे लागते. 'सगळं मिळून अमुक, टेन्शन घेऊ नका' म्हणणाऱ्याच्या त्या 'सगळ्यात' फेरचाचणीची गाडी बहुधा नसते.

'शंभर टक्के पास करून देतो' ही हमी तर कुणाला देताच येत नाही, कारण निकाल निरीक्षकाचा असतो. अशी हमी देणारा एक तर बाता मारतो, नाही तर वेगळ्या वाटेने तुमचा खिसा कापतो. २०२४ च्या मे-जूनमध्ये मोबाईलवर एक बातमी फिरली, की आता आर.टी.ओ.त चाचणीच नाही, ड्रायव्हिंग स्कूलचे सर्टिफिकेट पुरे. काहींनी त्यावर पैसेही उचलले. केंद्र सरकारने तेव्हाच खुलासा केला होता, की नेहमीच्या स्कूलच्या सर्टिफिकेटने चाचणीतून सूट मिळत नाही. २०२१ च्या नियमांनुसार खास मान्यता मिळालेली चालक प्रशिक्षण केंद्रे असतात, त्यांच्या परीक्षेत पास झालेल्यालाच ती सूट आहे. तिथे हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम २९ तासांचा असतो. कोपऱ्यावरच्या गाळ्यातला स्कूलवाला 'आमचंच केंद्र' म्हणाला, तर मान्यतेचा कागद पुढे ठेवायला सांगा.

दुचाकीबद्दल एकच गोष्ट. घरात स्कूटर आहे म्हणून तिच्यावर चाचणी दिली, तर लायसन्स बिनगिअरच्या दुचाकीचे मिळते. दूध घालायला मोटारसायकल न्यायची असेल तर चाचणीला गिअरचीच गाडी न्या. मुलींना आणि सुनांना शिकवताना घरची माणसे नेमके हे विसरतात, आणि पुन्हा फी भरतात.

ग्रामपंचायतीला यात करण्यासारखे बरेच आहे. कॅम्पची तारीख फलकावर लागावी, पण तिच्याशेजारी एखाद्याच एजंटाचा नंबर लागू नये. गावातले दहा-बारा उमेदवार एकत्र आले तर सरपंचांनी किंवा पोलीस पाटलांनी स्कूलवाल्याला बोलावून बोलणी करावी. गाडी गावात येऊन शिकवेल, दर ठरेल, चाचणीच्या दिवशी दोन गाड्या मिळतील. एकट्याला जे ऐकवले जात नाही ते गावाला ऐकवावे लागते. तक्रार असेल तर पावती जोडून लेखी अर्ज उप प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांकडे द्यावा. स्कूलचा परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार परिवहन खात्याला आहे. तोंडी तक्रारीचे मात्र काही होत नाही.

राहिला प्रश्न वेळेचा. शिकाऊ लायसन्स २०२१ पासून आधारवर घरबसल्या निघते, ते सहा महिने चालते, आणि ते हाती आल्यावर तीस दिवस झाल्याशिवाय चाचणी देता येत नाही. म्हणजे सुगी किंवा ऊसतोड आडवी येणार असेल तर तारखा आधीच मोजून ठेवा आणि चाचणीची वेळ मिळाली की ती स्कूलवाल्याला त्याच दिवशी कळवा. कॅम्पला एका गाडीवर वीस-वीस उमेदवार असतात. त्यात आपला नंबर कितवा, गाडी विश्रामगृहाशी किती वाजता उभी राहणार आणि मास्तर स्वतः येणार की पोराला पाठवणार, हे आदल्या संध्याकाळी फोन करून विचारून घ्या. शिकाऊ लायसन्स आणि शुल्काची पावती रात्रीच पिशवीत घाला. सकाळी धार काढून निघायचे असते, तेव्हा शोधायला वेळ नसतो.