वऱ्हाडी उन्हाळा आणि तुटणारे वायफाय
अकोला-अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा खिडकीत बसवलेला पत्र्याचा कूलर राउटर आणि संगणक यांच्या मध्ये आला, तर पत्रा रेडिओलहरी परतवतो, टाकीतले पाणी त्या शोषते आणि जोडणी अधूनमधून तुटते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह यांचीही गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा तुलनेने मोकळा, पण त्याच्या लहरी भिंतीपलीकडे लवकर क्षीण होतात. मोबाइल सुरळीत चालत असून केवळ संगणकच तुटत असेल, तर दोष बहुधा वीज वाचवण्यासाठी वायफाय कार्ड बंद करणाऱ्या विंडोजच्या सेटिंगमध्ये किंवा जुन्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या आज्ञावलीत असतो. हे न तपासता नवा राउटर आणणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी.