वाटणीतले दैव

१४ फेब्रुवारी २०२२ रोजी बंगळूर येथे कर्नाटक उच्च न्यायालयाने राज्याच्या पोलीस कायद्यातील आदल्या वर्षीच्या दुरुस्तीचा काही भाग रद्द ठरविला. पैसे लावले की कौशल्याचा खेळही जुगारात जमा, असा त्या दुरुस्तीचा आशय होता. वादाचे मूळ मात्र जुने आहे. रमीतील दैव हे ब्रिजच्या वाटणीतील दैवाच्याच जातीचे असून तेवढ्यावरून रमी हा दैवाचा खेळ ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच म्हटले होते.

हे वाटणीतले दैव मोजता येते. पाने नीट पिसली म्हणजे चारही रंग हाती सारखे येतील, ही समजूत भाबडी होय. तेरा पानांच्या हातात ४-३-३-३ ही सर्वांत समतोल वाटणी शेकडा साडेदहा वेळाच संभवते. ४-४-३-२ ही साडेएकवीस वेळा. कारण इतकेच, की पहिली वाटणी चार रंगांत चार प्रकारांनी बसते, तर दुसरी बारा प्रकारांनी.

आता ब्रिजच्या डावात खेळणाऱ्याचे व जोडीदाराचे मिळून नऊ हुकूम आहेत असे समजू. उरलेले चार प्रतिपक्षाच्या दोघांत कसे विभागले असतील? या चार पानांच्या जागा त्या दोघांच्या सव्वीस पानांत १४,९५० प्रकारांनी निवडता येतात. त्यांपैकी ६,०८४ प्रकारांत दोन-दोन, ७,४३६ प्रकारांत तीन-एक आणि १,४३० प्रकारांत चारही एकाकडेच. म्हणजे दोन फेऱ्यांत हुकूम संपतील असे गृहीत धरणारा दहांपैकी जवळजवळ सहा वेळा फसतो! येथे एक खुबी आहे. तीन हुकूम डावीकडे आणि एक उजवीकडे, अशी नेमकी एकच बाजू घेतली तर तिचा संभव शेकडा पंचवीसही नाही; दोन बाजूंची बेरीज झाल्यानेच तीन-एकचे पारडे जड होते.

हे आकडे खेळ सुरू होण्यापूर्वीचे. पहिल्याच फेरीत एका प्रतिपक्ष्याने हुकमाऐवजी बदामाचे पान टाकले, की शेकडा साडेनऊचा संभव खात्रीत बदलतो. पडलेली पाने ध्यानात ठेवून हिशेब असा सतत नव्याने मांडत राहणे, यालाच कौशल्य म्हणावयाचे. मेंढीकोट खेळणाऱ्या घरांतील वडीलधारी मंडळी हे गणित न मांडताही करीत असतात.

पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांपुरता हा भेद २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने बाजूला सारला; तेथे कौशल्य आणि दैव दोन्ही एकाच पंक्तीस बसविले आहेत. चटईवरच्या मेंढीकोटाला त्याची झळ नाही.